दोघंही मलाच सांगत होते

मार्च लागला की आमच्या शॉपवर दोन गोष्टी सुरू व्हायच्या. कॅन्टीनला जेवणाबरोबर ताक, आणि लाईनवर तात्या आणि मॅडमचं भांडण. ताक जूनमध्ये बंद व्हायचं, भांडणही साधारण पहिल्या पावसात आपोआप बसायचं, आणि मी सलग चार वर्षं असं समजत होतो की ते माझ्यामुळे बसतंय.

कंपनी भोसरी एमआयडीसीतली. नाव सांगत नाही, मी आता तिथे नाही पण तिथली बरीच माणसं अजून तिथेच आहेत आणि ती हे वाचून म्हणतील की साहेबांनी निम्मं तिखटमीठ लावलंय, म्हणू देत. दीडेकशे माणसं, ॲल्युमिनियमचं कास्टिंग बाहेरून यायचं, आम्ही त्याला बोअर (म्हणजे मापात कापलेलं मोठं भोक) मारायचो, होल, टॅपिंग, वॉशिंग, पॅकिंग आणि चाकणला रवाना. मी प्रॉडक्शनचा असिस्टंट मॅनेजर, पण त्या एका लाईनची क्वालिटीसुद्धा माझ्याच हाताखाली. खरं तर तसं असू नये, ज्यानं माल काढायचा त्यानंच माल पास करायचा म्हणजे पोरानंच आपला पेपर तपासण्यासारखं आहे, म्हणून ऑडिटर आला की आम्ही भिंतीवर वेगळा चार्ट लावायचो. असो.

तात्या म्हणजे आमचे सेटर. सव्वीस वर्षं सर्व्हिस, आयटीआय केलेले, जुन्नरकडचे. सेटर म्हणजे जो मशिन लावून देतो, ऑपरेटर नुसता जॉब, म्हणजे काम करायचा तुकडा, घालतो आणि बटन दाबतो. तात्यांना स्पिंडलचा आवाज ऐकून इन्सर्ट, म्हणजे कापणारं टोक, संपलाय का ते कळायचं, आणि यात काही जादूबिदू नाही, सव्वीस वर्षं ऐकलं की कुणालाही कळेल, पण कोण ऐकतं. मी त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, ते मला साहेब म्हणायचे आणि मी त्यांना अहो तात्या.

मॅडम क्वालिटीला. सोलापूरकडच्या, डिप्लोमा मग डिग्री, तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीसच्या असतील. हातात कायम एक वही, त्यात तारीख, वेळ, जॉब नंबर, रीडिंग, आणि शेवटच्या कॉलममध्ये शेरा. त्यांच्या शेऱ्याला अख्खा शॉप टरकायचा.

सुरुवातीला त्या तात्यांना काका म्हणायच्या. पहिल्या उन्हाळ्यानंतर त्या तात्या म्हणायला लागल्या, तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत ते "प्रॉडक्शन" झालं, म्हणजे "प्रॉडक्शनला सांगा, होल्ड आहे". तात्यांच्या बाजूनं पण तसंच, आधी "ती पोरगी हुशार आहे हां", मग "मॅडम", मग "क्वालिटी". "क्वालिटीला म्हणावं या आणि स्वतः मारा बोअर." टीममधलं काहीतरी नासायला लागलंय हे ओळखायचं असेल तर माणसं एकमेकांना काय हाक मारतात तिकडे कान द्यावा, हे मला आत्ता लिहिताना सुचतंय, तेव्हा नाही सुचलं.

भांडण कशावरून, तर एका भोकावरून. ऐंशी एमएमचा बोअर, ड्रॉइंगवर टॉलरन्स एच सात, म्हणजे बोअर ८०.००० पासून ८०.०३० पर्यंत कुठेही चालेल, तीस मायक्रॉनची जागा, मायक्रॉन म्हणजे एमएमचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा एक केस साधारण साठ-सत्तर मायक्रॉनचा असतो, त्याच्या निम्म्यात सगळा संसार. तात्या मशिनजवळ बोअर गेज लावायचे, मास्टर रिंगवर, म्हणजे माप पक्कं माहीत असलेल्या कड्यावर, झिरो करून, आणि रीडिंग यायचं ८०.०१२. ओके. तोच जॉब आतल्या एसी रूममध्ये जायचा, रात्रभर तिथे पडायचा, सकाळी मॅडम सीएमएमवर, म्हणजे मोजमापाच्या मोठ्या मशिनवर, लावायच्या आणि रीडिंग यायचं ७९.९९६. अंडरसाइज. रिजेक्ट.

आता तात्या म्हणायचे मी सव्वीस वर्षं बोअर मारतोय, मला गेज धरता येत नाही का? मॅडम म्हणायच्या मशिन पन्नास लाखांचं आहे, कॅलिब्रेशन सर्टिफिकेट भिंतीवर आहे, ते खोटं बोलतं का? आणि दोघंही हे एकमेकांना म्हणायचे नाहीत. दोघंही मला म्हणायचे.

माझी पद्धत ठरलेली होती. आधी तात्यांना गाठायचं, मशिनच्या मागे, जिथे कूलंटची टाकी आहे तिथे, कारण तिथे कुणी ऐकत नाही. म्हणायचं, "तात्या, तुमचं बरोबर आहे हो, पण जरा नवीन मुलगी आहे, सांभाळून घ्या." मग पाच मिनिटं थांबून, लगेच गेलो तर दिसतं म्हणून, सीएमएम रूममध्ये जायचं, चपला बाहेर काढायच्या आणि म्हणायचं, "मॅडम, तुमचं टेक्निकली एकदम करेक्ट आहे, पण जुना माणूस आहे, थोडं ॲडजस्ट करा." ॲडजस्ट हा शब्द मी त्या चार वर्षांत किती वेळा वापरला असेल याचा हिशोब नाही. दोघंही मान डोलवायचे. मी केबिनमध्ये येऊन चहा सांगायचो आणि मनात म्हणायचो, जमतं बाबा आपल्याला माणसं सांभाळणं.

एकदा एचआरनं आम्हाला चिंचवडला एका हॉटेलात ट्रेनिंगला पाठवलं. कॉन्फ्लिक्ट मॅनेजमेंट. दुपारी पनीर असतं ते ट्रेनिंग. तिथे एक प्रश्नावली दिली, थॉमस आणि किलमन या दोन अमेरिकन प्राध्यापकांनी १९७४ मध्ये काढलेली, वाक्यांच्या तीस जोड्या, प्रत्येक जोडीतलं एक निवडायचं, आणि शेवटी कळतं की भांडण आलं की तुम्ही काय करता. पाच प्रकार आहेत, आपलंच रेटणारे, मिळून मार्ग काढणारे, तडजोड करणारे, टाळणारे आणि नमतं घेणारे, प्रत्येकात जास्तीत जास्त बारा मार्क पडू शकतात. मला खात्री होती की मी मिळून मार्ग काढणारा. निकाल आला, टाळण्यात दहा, नमतं घेण्यात आठ, तडजोडीत सात, मिळून मार्ग काढण्यात चार, आणि रेटण्यात एक. मला वाटलं बेरीज चुकली. शेजारच्याला तपासायला दिली, बरोबर होती. मग मला वाटलं प्रश्नावलीच चुकीची आहे, अमेरिकेतल्या लोकांसाठी काढलेली, आपल्याकडे थेट भांडत नसतात. ट्रेनरला हे सांगावं असं फार वाटत होतं पण सांगितलं नाही, अर्थात.

आमच्या पट्ट्यात कामावरचं भांडण म्हटलं की जुन्या माणसांना वेगळंच आठवतं. गेट मीटिंग, घोषणा, १९८९ साली टेल्कोचे, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सचे, कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले होते ते दिवस. तात्या तेव्हा पोरसवदा, नुकतेच नोकरी शोधत पिंपरीला आलेले, ते सांगायचे की तेव्हा कोण कुणाच्या बाजूनं हे सरळ कळायचं. त्या भांडणांसाठी तेव्हा कायदाही होता, १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा (२०२५ मध्ये त्याच्या जागी नवी संहिता आली), आणि गंमत म्हणजे त्यातल्या व्याख्येत मालक विरुद्ध कामगार याच्याबरोबर कामगार विरुद्ध कामगार हा वादसुद्धा बसवलेला होता. पण गेज कुणाचं खरं यासाठी कुणी लेबर कमिशनरकडे जात नाही. ही भांडणं गेटच्या आतच राहतात, डब्याच्या वेळेला कोण कुणाशेजारी बसत नाही यावरून दिसतात, आणि भिजत घोंगडं तसं वर्षानुवर्षं भिजत पडतात.

२०१६ चा मे महिना. आमची सुट्टी गुरुवारी, विजेच्या हिशोबानं त्या भागात गुरुवारच असतो, त्यामुळे बुधवारची दुसरी पाळी म्हणजे सगळ्यांचं अर्धं लक्ष घरी. गाडी लागलेली. दोनशे चाळीस हाउसिंग, म्हणजे तेच बोअरवाले जॉब, पॅक होऊन उभी, ड्रायव्हर बिडी ओढत बसलेला, आणि मॅडमनी होल्डचा टॅग लावला. सहा जॉब सीएमएमला गेलेले, सहापैकी चार अंडरसाइज.

तात्या आले. मी केबिनमधनं बघत होतो. मला वाटलं आता आवाज चढेल, पण तसं काहीच झालं नाही. तात्यांनी आपलं बोअर गेज, जे ते पोराला सुद्धा हात लावू द्यायचे नाहीत, ते पेटीत नीट घातलं, पेटी बंद केली, सीएमएम रूमच्या दारात चपला काढल्या, आत गेले आणि पेटी मॅडमच्या टेबलावर ठेवली. म्हणाले, "घ्या. उद्यापासून तुम्हीच मारा." आणि बाहेर येऊन गेटपाशी सिक्युरिटीच्या बाकावर जाऊन बसले. बारा वाजेपर्यंत बसून होते. पाळी सुटली तेव्हा बसमध्ये बसून घरी गेले. मॅडम आत रडत नव्हत्या, लोक नंतर म्हणाले रडल्या म्हणून, मी स्वतः बघितलं, त्या वही लिहीत होत्या.

मी काय केलं? आधी गेटवर गेलो, "तात्या तुमचं बरोबर आहे", मग आत गेलो, "मॅडम तुमचं करेक्ट आहे". त्या रात्री दोघांनीही मान डोलवली नाही.

गाडी गेली नाही. शनिवारी कस्टमरची लाईन काही तास अडली, मेल आला, आणि मेल आला की एट डी लिहायचा असतो, म्हणजे प्रॉब्लेम काय, तात्पुरतं काय केलं, मूळ कारण काय, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार असा आठ पायऱ्यांचा रिपोर्ट. मूळ कारणाच्या रकान्यात आम्ही सगळे सर्रास "ऑपरेटरचं दुर्लक्ष" लिहितो आणि पुढे "ट्रेनिंग दिलं". या वेळी तेवढ्यावर भागणार नव्हतं. म्हणून मी जुने मेल काढायला बसलो, त्या बोअरबद्दल काय काय झालं होतं बघायला.

एप्रिलच्या अकरा तारखेचा मॅडमचा मेल सापडला. मला एकट्याला. वाचलेला, म्हणजे मीच उघडलेला. त्यात तीन फोटो आणि एक छोटा हिशोब. शॉपवर थर्मामीटर ३८ डिग्री, सीएमएम रूम २०. ॲल्युमिनियम एका मीटरला एका डिग्रीमागे साधारण २३ मायक्रॉन वाढतं, आपली मास्टर रिंग स्टीलची, स्टील साधारण साडेअकरा. म्हणजे उन्हाळ्यात रिंगही फुगते आणि जॉबही फुगतो, पण जॉब रिंगच्या दुप्पट फुगतो. अठरा डिग्रीचा फरक आणि ऐंशी एमएमचा बोअर धरला तर दोघांतलं अंतर येतं सोळा-साडेसोळा मायक्रॉन. ८०.०१२ वजा सोळा. ७९.९९६.

गणित आठवीच्या मुलाला येईल असं. मोजमाप २० डिग्रीला धरायचं हे तर जगानं कधीच ठरवलंय, आयएसओनं १९५१ साली काढलेली पहिल्या नंबरची शिफारसच याबद्दल आहे, आणि आमच्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ते छापलेलंही असायचं. हिवाळ्यात शॉप पंचवीसला असतो तेव्हा फरक चार-पाच मायक्रॉनचा, खपून जायचा. म्हणून भांडण मार्चमध्ये उगवायचं आणि पावसात बसायचं. मी आपला समजत होतो माझ्या गोड बोलण्यानं बसतंय.

पण मला खुर्चीत खिळवलं ते गणितानं नाही. मेलच्या शेवटी एक ओळ होती. "तात्यांचं रीडिंग चुकीचं नाही, त्या तापमानाला ते बरोबरच आहे, कृपया त्यांना तसं सांगावं."

मी ते सांगितलं नव्हतं. मी काय सांगितलं होतं ते मला पक्कं आठवत होतं, कूलंटच्या टाकीजवळ उभं राहून, "तात्या, मॅडमचा मेल आलाय, जरा बोअरकडे लक्ष द्या म्हणतायत, तुम्ही मनावर घेऊ नका." मेलमध्ये जे होतं ते सगळं गाळून नुसती तक्रारीची साल मी तात्यांच्या हातात दिली, आणि वर फुंकर घातली.

आणि मग दुसरी गोष्ट आठवली. त्याच्याही आधी, मार्चमध्ये, तात्या मला चहाच्या टपरीवर म्हणाले होते, "साहेब, उन्हाळ्यात आकडा पळतो बरं का. सकाळी सातला घेतलेला झिरो दुपारी दोनला राहत नाही. मॅडमना विचारा ना जरा, त्यांच्याकडे पुस्तकं असतात." मी म्हटलं होतं विचारतो. आणि मॅडमना जाऊन काय म्हणालो असेन? "तात्या म्हणतायत उन्हाळा आहे, थोडं ॲडजस्ट करा."

म्हणजे दोघांनाही निम्मं निम्मं माहीत होतं, दोघंही सांगत होते, आणि दोघंही मलाच सांगत होते. आपल्याकडे कळीचा नारद म्हणतात, इकडचं तिकडे नेऊन आग लावणारा. मी त्याच्या उलट, इकडचं तिकडे न नेता मध्येच गिळून टाकणारा, शांततेसाठी. नारदाच्या गोष्टीत निदान शेवटी सगळं समोर येतं आणि उलगडा होतो. माझ्याकडे तेही नाही. बरं, यात माझा फायदाही होता, हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते तोवर दोघांनाही मी लागत होतो. सगळ्या शॉपवर नाव होतं, साहेबांकडे गेलं की काम होतं. दोघांशी गोड राहणाऱ्याला भांडण मिटण्याची काही घाई नसते.

शुक्रवारचा दिवस तो, सुट्टीनंतरचा. चुकलो, शुक्रवारी तात्या आलेच नव्हते, सोमवार असेल. दोघांना केबिनमध्ये बोलावलं. मला भाषण पाठ होतं, पण तात्या उभेच राहिले, बसेनात, आणि मॅडम वही उघडून बसल्या, म्हणजे आता साहेब काय बोलतायत तेही नोंदवलं जाणार. मी भाषण सोडलं आणि मेल मोठ्यानं वाचून दाखवला. शेवटच्या ओळीसकट.

तात्या काही बोलले नाहीत. मग मॅडमना म्हणाले, "हे तुम्ही लिहिलं होतं?"

"एप्रिलमध्ये."

"मग मला सांगायचं ना डायरेक्ट."

"तुम्ही माझ्याशी बोलत होता का?"

तात्यांनी विचार केला आणि म्हणाले, "नाही." मग माझ्याकडे वळून, "साहेब, तुम्ही पण ना." एवढंच. त्या चार शब्दांसाठी मला वॉर्निंग लेटर चाललं असतं.

इथे सिनेमा असता तर दोघांनी हात मिळवले असते. प्रत्यक्षात पुढच्या दहा मिनिटांत ते पुन्हा भांडायला लागले, पण आता एकमेकांशी. तात्या म्हणाले रिंग स्टीलची आहे हाच रोग आहे, रिंग आणि जॉब सख्खे भाऊ पाहिजेत, सावत्र चालणार नाहीत, ॲल्युमिनियमची रिंग करा. मॅडम म्हणाल्या ॲल्युमिनियमची रिंग महिन्यात झिजेल, मी तिच्यावर सही करणार नाही. तात्या म्हणाले मग बोअर वरच्या साईडला ठेवू का? आणि स्वतःच म्हणाले, नाही ठेवणार. का नाही, हे मॅडमना तोवर माहीतच नव्हतं. सेटर बोअर नेहमी खालच्या बाजूला ठेवतो, कारण बोअर लहान राहिला तर परत लावून कापता येतो, मोठा झाला तर धातू परत चिकटवता येत नाही, जॉब भंगारात. तात्या मालकाचे पैसे वाचवत होते आणि नेमकं त्यामुळे उन्हाळ्यात अंडरसाइज जात होते. आणि तात्यांना माहीत नव्हतं की गाडीबरोबर जो इन्स्पेक्शन रिपोर्ट जातो त्यावर मॅडमच्या नावाची सही असते, आणि कस्टमरकडून फोन येतो तो त्यांच्या मोबाईलवर, रात्री अकरालासुद्धा. एकाला भंगाराची भीती, दुसरीला सहीची. मी चार वर्षं समजत होतो की दोघांचा स्वभाव प्रॉब्लेम आहे.

निघालं काय, तर एक जुनं, दुसऱ्याच कारणानं रिजेक्ट झालेलं हाउसिंग घ्यायचं, ते सीएमएमवर २० डिग्रीला मोजायचं, त्यावर नंबर कोरायचा आणि तेच मशिनजवळ मास्टर म्हणून ठेवायचं. जॉब तापला की मास्टरही तेवढाच तापेल, दोघांचं फुगणं एकमेकांत कटलं. झिजतंय का ते मॅडम दर आठवड्याला आत नेऊन बघणार. आणि मशिनमधून निघालेला जॉब लगेच मोजायचा नाही, दहा मिनिटं पंख्याखाली मास्टरच्या शेजारी पडू द्यायचा. खर्च, एक भंगारातलं हाउसिंग आणि एक पंखा. पंख्याची रिक्विझिशन पास व्हायला तीन आठवडे लागले, तो वेगळा विषय.

बऱ्याच नंतर मला मेरी पार्कर फॉलेट या बाईंचं लिखाण कळलं, बोस्टनकडच्या, १९३३ साली वारल्या. १९२५ मध्ये त्यांनी भांडणावर एक निबंध लिहिला, त्यात हार्वर्डच्या लायब्ररीतली खिडकी आहे. एकाला खिडकी उघडी हवी, बाईंना बंद. शेवटी शेजारच्या खोलीतली खिडकी उघडली, कारण त्या माणसाला हवा हवी होती आणि बाईंना फक्त वाऱ्याचा झोत अंगावर नको होता. अर्धी उघडी ठेवली असती तर दोघंही निम्मे निम्मे नाराज. वाचून मला पटलं, आणि थोडा रागही आला, कारण लायब्ररीतले दोघं एका खोलीत होते आणि एकमेकांशी बोलत होते. आमच्याकडे एकाच्या खिडकीची बातमी दुसऱ्याकडे नेणारा मी होतो, आणि मी दोघांनाही सांगत होतो की हो हो, तुमची खिडकी उघडीच आहे.

आता हे वाचून कुणी म्हणेल की जॉब गार झाल्यावर मोजावा तसं माणूसही गार झाल्यावर बोलावं. आमच्या एचआरनं याचं पोस्टर पण केलं होतं, बर्फाच्या चित्रासकट. मला ते कधीच पटलं नाही. तात्या आणि मॅडम चार वर्षं गारच होते, भयानक गार. त्यांना एकदा एकमेकांवर तापू दिलं असतं तर २०१३ मध्येच विषय संपला असता.

आणि बोअर सुटला म्हणून सगळं सुटलं असंही नाही. एक दिवस तात्या म्हणाले, "साहेब, मायक्रॉनचं सोडा. तो बोर्ड काढा." कुठला बोर्ड? तर रिजेक्ट मालाच्या लाल डब्याच्या वर, येण्याजाण्याच्या मुख्य रस्त्यावर, एक पांढरा बोर्ड होता, आजचं रिजेक्शन, आणि पुढे मार्करनं सेटरचं नाव. व्हिजिटर आले की तिथूनच जायचे. तात्यांचा पुतण्या आमच्याकडे ॲप्रेंटिस होता, तो रोज सकाळी तिथून जायचा. तात्यांची इतकी वर्षं अशी समजूत की बोर्ड मॅडमनी लावलाय. मॅडमची समजूत की तो आधीपासून आहे आणि नाव लिहायचं हा नियम आहे. लावला होता मी. एका ऑडिटमध्ये शेरा आला होता, व्हिज्युअल मॅनेजमेंट कमी आहे म्हणून, आणि मी दोन तासांत बोर्ड लावून फोटो पाठवला होता आणि विसरून गेलो होतो.

नाव पुसलं, मशिन नंबर लिहायला लागलो. बोर्ड राहिला.

यानंतर मला जरा चढली. वाटायला लागलं सापडलं औषध, कुणी तक्रार घेऊन आलं की म्हणायचं, मला सांगू नका, त्याला समोर बोलवा आणि बोला. सहा महिने हे चाललं आणि मग तोंडावर आपटलो. पॅकिंगला एक कॉन्ट्रॅक्टचा मुलगा होता, परभणीकडचा, त्यानं येऊन सांगितलं की अमुक परमनंट ऑपरेटर त्याच्याकडून स्वतःची मशिन पुसून घेतो, डबा धुवून घेतो, आडनावावरून बोलतो. मी म्हटलं चल, त्याला बोलावतो, समोरासमोर होऊ दे. मुलगा म्हणाला, "राहू द्या साहेब, काही नाही." दुसऱ्या दिवसापासून आलाच नाही. ठेकेदाराला फोन केला तर म्हणाला दुसरीकडे लागला तो. समोरासमोर कुणाला बसवतोय हे मी बघितलंच नव्हतं. ज्याचा गेटपास उद्या सकाळी बंद होऊ शकतो त्याला तुम्ही पंधरा वर्षांच्या परमनंटसमोर मोकळेपणानं बोल म्हणताय, हे भांडण मिटवणं नाही, हे त्याला एकट्याला पुढे ढकलणं आहे. तिथे साहेबानं मध्ये पडायला हवं होतं, चौकशी करून, लेखी, आणि आपली खुर्ची वापरून. बायकांच्या त्रासाच्या तक्रारींसाठी २०१३ चा कायदा आहे, दहा किंवा जास्त माणसं असली की कमिटी लागतेच, आणि ती उगाच नाही, कारण अशा गोष्टीला "दोघांचं पटत नाही" म्हणणं हीच पहिली चूक असते. तो मुलगा कॉन्ट्रॅक्टचा, पुरुष, त्याच्यासाठी मी सोडून कुणी नव्हतं, आणि मी पद्धत राबवत होतो.

त्या मुलाचं नाव मला आठवतं. त्या ऑपरेटरला मी नंतर बोलावून बोललो, रेकॉर्डवर घेतलं, पण मुलगा गेला तो गेला.

तर तात्या आणि मॅडम. त्यांची काही मैत्रीबित्री झाली नाही. डबा वेगवेगळाच खायचे. खंडेनवमीला मशिनची पूजा झाली तेव्हा तात्यांनी सीएमएमला पण हार घालायचा आग्रह धरला, आणि मॅडमनी आत फुलं आणायला साफ नकार दिला, पाकळ्या आणि पाणी मशिनच्या ग्रॅनाइटच्या टेबलावर चालत नाही म्हणून. हार शेवटी दाराला लावला. चपलांच्या वर.

पुढच्या वर्षीचा एप्रिल असेल. दुपारी दोनची वेळ, बाहेर रणरणतं ऊन, मी केबिनमध्ये डिस्पॅचचे आकडे बघत होतो आणि सीएमएम रूमच्या दारातून आवाज यायला लागले. मास्टर झिजलाय का नाही यावरून काहीतरी. तात्यांचा आवाज चढलेला, मॅडमचा त्याहून चढलेला, आणि मध्ये मध्ये "काका, तुम्ही आधी ऐकून घ्या" असं. मी सवयीनं उठलो. दारापर्यंत गेलोसुद्धा, हात कडीवर, आणि काय बोलायचं तेही तोंडात तयार, आधी तात्या मग मॅडम. तेवढ्यात चहावाला पोरगा ट्रे घेऊन आला आणि तिकडे मान वळवून म्हणाला, "साहेब, तिकडं लई पेटलंय. चहा इथंच ठेवू का तिघांचा?"

"तिघांचा नको," म्हटलं, "दोन तिकडे दे."

आणि परत खुर्चीत येऊन बसलो. आकडे काही डोक्यात शिरत नव्हते.